व्हर्नाची बटाट्याची कोशिंबीर

ऑरेगनच्या किनाऱ्यावरच्या आमच्या समुद्रजीव केंद्राचं भांडार व्हर्ना स्टबलफील्डने सव्वीस वर्षं सांभाळलं. काचेच्या नळ्या, जाळ्या, जिवाणूंच्या बाटल्या, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. कॉलेजचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. तरी चिठ्ठीवरचं नाव चुकलं, की ती प्राध्यापकालाही परत पाठवायची.

दर बारा फेब्रुवारीला, डार्विनच्या वाढदिवशी, केंद्रात जेवण असतं. प्रत्येकाने घरून पदार्थ आणायचा आणि त्यातल्या जिवांची नावं कार्डावर लिहायची. मग ताटांत सजीवांचे किती संघ आले, म्हणजे किती मोठी घराणी आली, ते फळ्यावर मांडायचं. ज्याने दुसऱ्या कुणीच न आणलेला संघ आणला, त्याचं नाव पुढे लिहायचं. समुद्रकाकडी आणि जेलीफिश आणणारे दरवर्षी फळ्यावर. व्हर्ना मात्र कधीच नाही. तिची कोशिंबीर ठरलेली, आणि बटाटा, कांदा, मोहरी ही सगळी सपुष्प वनस्पतींच्या एकाच घराण्यातली, आणि ते फळ्यावर आधीच असायचं.

"पुन्हा बटाटेच का गं?" लेलंड माकी विचारायचे. ते कृमींचे प्राध्यापक. खडू त्यांच्या हातात असायचा.

जूनमध्ये व्हर्ना निवृत्त होणार होती. एकदा तरी फळ्यावर नाव लागायला हवं, असं तिने जानेवारीतच सर्वांना सांगून ठेवलं होतं.

यंदा मोजणी अकरावर थांबली. माकींनी कोशिंबिरीचं कार्ड उचललं. त्यावर मोहरीखाली एक ओळ जास्त होती: घरच्या व्हिनेगरमधले जिवाणू.

"जिवाणू झालेत, व्हर्ना. दह्याने जागा घेतली."

"कृमीच्या दोन केसांवरून तू तासभर भांडतोस, लेलंड, आणि जिवाणू सगळे एका टोपलीत? दह्यातले वेगळ्या संघातले, व्हिनेगरमधले वेगळ्या. भांडारातल्या दोन्ही बाटल्यांच्या चिठ्ठ्या डिसेंबरमध्ये मी नव्याने लिहिल्यात."

माकींनी पुरावा मागितला. व्हर्नाने पिशवीतून व्हिनेगरवर जमलेल्या जिवाणूंच्या जाड सायीची बरणी काढली. सगळं जेवण सोडून मंडळी सूक्ष्मदर्शकाभोवती जमली. मग कोणीतरी जाडजूड पुस्तक आणलं. कालवं थंड झाली. माकींनी पान दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि फळ्यावर बारावा आकडा घातला. पुढे लिहिलं, व्हर्ना.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र तिथेच उभी.

"आता काय?" माकींनी विचारलं.

"व्हिनेगर दरवर्षी याच बरणीतलं होतं. म्हणजे मागची पंचवीस वर्षं तू एक कमी मोजलास."

माकींनी जुन्या मोजण्यांची वही काढली आणि जेवणानंतर दुरुस्त करू, असं सांगितलं. व्हर्ना खुर्ची ओढून शेजारी बसली आणि तिने पहिलं वर्ष सांगितलं.

माकी लिहू लागले. आम्ही थंड कालवं खाल्ली.