बहिणीला आणायच्या दिवशीच गाडीचा सेन्सर गेला

मित्रांनो, आज बहिणीला पहिल्या बाळंतपणासाठी असोद्याहून धुळ्याला आणायचं होतं. आणि सकाळीच गाडी बंद पडली.

माझ्या गाडीला मी हौसेनं, इंजिनाची ताकद वाढवायला, मोठा टर्बो बसवलाय. इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर गेला होता. इथं धुळ्यातच, देवपुरातल्या दुकानात दुसऱ्या मॉडेलचा मिळाला, पण त्याचं सॉकेट वेगळं. मग जुनं सॉकेट कापलं आणि एकेक वायर जोडत बसलो.

इंजिन चालू झालं, धडधडलं आणि बंद पडलं. सिग्नलची वायर बदलून पाहिली, तरी तेच. सगळ्या वायरी परत सोडवल्या, परत जोडल्या. आता तर सेल्फ मारला तरी काहीच होईना. डोकं धरून तिथंच खाली बसलो.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "दादा, निघालास का? सासूबाई दोनदा विचारून गेल्या."

"मनू, गाडी चालूच होत नाहीये गं." माझा आवाज रडवेला झाला.

"मग बसनं ये ना! इथून गाडी करू. मी तुझी वाट बघतेय, गाडीची नाही."

बॉनेट उघडंच टाकून निघालो. एसटीत बसून हे लिहितोय, जीव अजून थाऱ्यावर नाही.

एवढी साधी गोष्ट मला सकाळीच का सुचली नाही? तुमचंही असं होतं का?