फोन ज्याचा त्यालाच उघडायला लावणाऱ्या वसुधाताई

हा लेख मी फार टाळला. गौरवग्रंथाचं काम पाहणाऱ्या कुलकर्णीकाकांना "बस, होऊनच गेलाय समजा" म्हणालो आणि इंदूरबाहेर बेटम्याला निघून गेलो. तिथे काही काम नव्हतं. खरी अडचण अशी की वसुधाताई पिंगळे यांच्या साठीनिमित्त त्यांच्या कामाबद्दल लिहायचं, आणि ते काम नेमकं काय आहे हे मला अजून नीट कळलेलं नाही.

पहिल्या भेटीतही कळलं नव्हतं. खजरान्याला गणपतीच्या दर्शनाच्या रांगेत माझा फोन पडला, स्क्रीन फुटली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो, तर मागच्या खोलीत लांब टेबलाशी ताई बसलेल्या. त्यांनी हत्यारांची पेटी माझ्याकडे सरकवली.

"उघडा."

"मी? मग कंपनी कशाला आहे भिया?" इंदुरी सवय, समोर कोणीही असो, तोंडातून 'भाऊ'च निघतं.

"भिया नाही, ताई. आणि ही कंपनीचीच योजना आहे. पार्ट ती देणार, हत्यारं ती देणार, स्क्रू तुम्ही काढणार."

काढले. स्क्रीन बसली, तर फोन म्हणतो हा पार्ट आधी कंपनीकडून ओळखून घ्या. कंपनीनेच दिलेला पार्ट, आणि परत कंपनीलाच विचारायचं! मतलब, फोन माझा की त्यांचा? ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मलाही कळत नाही. पण बसवला तुम्ही, तेवढं तर तुमचं झालं." पॉलिटेक्निक मी अर्ध्यात सोडलं. तिथे 'मला कळत नाही' असं शिकवणारं कोणी म्हणालेलं आठवत नाही. नंतर सिमरोलला एका कँटीनमध्ये होतो, पण तो किस्सा राहू द्या. तेव्हापासून दर रविवारी, गावात असलो तर, मी त्या टेबलाशी जाऊन बसतो.

ताई कधी कोणाच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर घेत नाहीत. एकदा रेल्वेतून रिटायर झालेले नेनेकाका बॅटरी बदलायला आले. हात थरथरत होते. आम्ही सगळे टक लावून बघत होतो आणि काका अजूनच थरथरत होते. एकजण म्हणाला, "ताई, तुम्हीच करून द्या ना यार." ताई उठल्या आणि आम्हालाच म्हणाल्या, "चला, कचोरी खाऊन येऊ." काकांना एकटं ठेवून सगळी वरात बाहेर. परत आलो तर काका चालू झालेल्या फोनवर सुनेला रागावत होते.

आता कंपनी म्हणते, पेटी लोकांच्या घरीच पाठवू, व्हिडिओ आहेच, टेबल कशाला? आज टेबल उचलायला माणूस येणार आहे. ताई सकाळपासून पेट्या पुसून ठेवत आहेत. मी टेबलाच्या कोपऱ्यावर हे लिहितोय. हे वाईट होतंय का, तेही मला ठरवता येत नाही. लोक घरीच करायला लागले, तर ताईंचं काम फत्ते झालं असंही म्हणता येईल. तसं म्हणून पाहिलं.

ताई म्हणाल्या, "स्क्रू खाली पडला की माणूस आधी कोणाकडे तरी बघतो रे. घरी कोणाकडे बघणार?"

मग नेनेकाकांच्या वेळी बाहेर का गेलात, हे विचारायचं राहिलं. ताईंनी त्याचं उत्तर द्यायला आणि मी ते न समजायला अजून खूप वर्षं मिळावीत. त्यांचे डोळे, गुडघे आणि रविवार शाबूत राहोत, एवढंच मागणं

वाक्य अर्धंच राहिलं, कारण दारात कोणी आलंय. टेबलवाला नाही. टेबल बंद करायचं ज्यांनी ठरवलं ते कंपनीचे मोठे साहेब आहेत, घरच्या चपलांत. दोन्ही हातांत स्टीलची थाळी, थाळीत त्यांचा स्वतःचा फोन, पूर्ण उघडलेला, आणि सुटे स्क्रू. घरंगळू नयेत म्हणून अगदी हळू येत आहेत. उंबऱ्याशीच थांबून, थाळीवरची नजर न काढता विचारत आहेत, "ताई, टेबल है ना अभी?"