विहीणबाईंचा नॅपकिन

माझ्या विहीणबाईंसारखी बाई सबंध पुण्यात दुसरी सापडायची नाही, आणि नाही सापडत तेच बरं. एकीनंच मला माझ्या घरात पाहुणी करून ठेवलं आहे. लोकांच्या विहिणी मानपानावरून रुसतात, साडीचा पोत बोटांनी चाचपून बघतात, वरणात मीठ कमी आहे हे न बोलता सांगतात. माझी विहीण बिबवेवाडीहून दोन बस बदलून आमच्या नारायण पेठेतल्या घरी येते आणि चपला काढता काढता विचारते, "पेशंट कसा आहे?" पेशंट म्हणजे आमच्या हॉलमधला जुना कॉम्प्युटर. माझी गुडघेदुखी तिला दिसत नाही.

तसं बघायला गेलं तर आमच्या घरात मुलगा आणि सून असे दोन कॉम्प्युटर इंजिनियर आहेत. पण घरचा कॉम्प्युटर स्लो झाला की दोघांचंही उत्तर ठरलेलं, "आई, नवीन घे." हे म्हणजे सर्दी झाली म्हणून नाक बदला असं सांगण्यासारखं झालं. विहीणबाई सरकारी कचेरीत टायपिस्ट होत्या. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीच्यांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि महिनाभर त्याच्याकडे फिरकले नाहीत. विहीणबाईंनी स्क्रू काढून आत काय आहे ते बघितलं. निवृत्त झाल्या तरी ती खोड गेली नाही. त्यांच्या पिशवीत रंगकामाचा कुंचला, जुना टूथब्रश आणि ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेला स्क्रूड्रायव्हर असतो. व्हायरस काढायचा पेनड्राइव्ह असतो हळदीकुंकवाच्या करंड्यात. "धूळ लागत नाही आणि हरवत नाही," म्हणतात. आमच्या सोसायटीच्या सूचना गेली कित्येक वर्षं मी लिहिते, 'सायकली लावा, संसार मांडू नका' ही माझीच. शब्दात मला कुणी हरवत नाही. पण त्या करंड्याला काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आल्या की आधी त्या सीपीयूच्या डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटून बसतात. मग म्हणतात, "पंखा दमलाय." त्यानंतर घरातल्या प्रत्येकाची झडती. मागे एकदा कॉम्प्युटर उघडला की भलत्याच जाहिराती यायला लागल्या होत्या, एक घालवली की दोन हजर. विहीणबाईंनी ह्यांना समोर बसवलं आणि अगदी मऊ आवाजात विचारलं, "शेवटचं काय डाउनलोड केलंत? खरं सांगा, मी कुणाला सांगायची नाही." चाळीस वर्षांत माझ्यासमोर एक गोष्ट कबूल न केलेला हा माणूस दोन मिनिटांत पोपटासारखा बोलला. पत्रिका जुळवायचं फुकटचं सॉफ्टवेअर. आता कुणाची पत्रिका जुळवायची होती? "आपलीच," म्हणाले, "सहज, किती गुण जुळतात ते बघत होतो." विहीणबाईंनी ते सॉफ्टवेअर, त्याच्यामागून घुसलेली सहा पिल्लं आणि नको ते सगळं काढून टाकलं, आणि जेवताना ही हकिकत घरभर सांगितली. सगळे हसले. किती गुण जुळले ते मात्र ह्यांनी मला सांगितलं नाही.

साफसफाई झाली की स्कॅन. तो लावला की विहीणबाई पिशवीतून एक निळ्या चौकड्यांचा नॅपकिन काढतात आणि मॉनिटरवर पांघरूण घालावं तसा टाकतात. "बघत बसलं की लांबतं, ताई. दूध नाही का, समोर उभं राहिलं की तापत नाही." स्कॅन साडेअकराला सुरू होतो आणि संध्याकाळी सहाला संपतो. तोवर कुणी नॅपकिनला हात लावायचा नाही. आणि वार बुधवारच. दुसरा कुठलाही वार सुचवला की त्यांना बँक असते, दात असतो, नाहीतर भाजी आणायची असते. बुधवारी सूनबाई घरून काम करते, म्हणजे घर तसंही अडलेलंच. त्यात विहीणबाईंची भर.

आता खरं सांगते, माझा जळफळाट होतो. बुधवारी हे इस्त्रीचा शर्ट घालतात. मुलगा फोनवर मला सांगतो, "तुला नाही कळायचं आई, मम्मींना दे." ज्याला मी दूधभात भरवून वाढवला त्याची ही भाषा. पण तेही मी गिळलं असतं. सूनबाई त्या दिवशी हसते, ते मला सोसत नाही. एरवी ती गुणाची आहे. 'हो आई', 'नको आई', 'ठेवते आई', सगळं जागच्या जागी. बुधवारी जेवायच्या सुट्टीत मायलेकी एका ताटात जेवतात आणि ती असं खदखदून हसते की पहिल्यांदा मला वाटलं शेजारची कुणी आली. इतकं हसू तिच्याकडे आहे हे मला लग्नानंतर दीड वर्षानं, तेही दुसऱ्या खोलीतून कळलं.

म्हणून या खेपेला मी ठरवलं की बोलवायचंच नाही. कॉम्प्युटर रखडत होता, आणि स्क्रीनवर आपण होऊन एक चौकट आली की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहेत, ताबडतोब साफ करा. मी म्हटलं, घ्या, देवच पावला. दाबलं. फुकटात एक सफाईवाला आत आला. त्यानं आणखी व्हायरस दाखवले, म्हणून दुसरा घेतला. दुसऱ्यानं पहिल्यालाच चोर ठरवलं, म्हणून तिसरा. चौथ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू व्हायला कुकरच्या तीन शिट्ट्यांएवढा वेळ लागायला लागला आणि मुलानं मला न विचारता बिबवेवाडीला फोन केला.

बुधवारी विहीणबाईंनी डब्यावर हात ठेवला, यादी उघडली, तिन्ही सफाईवाले बघितले आणि मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून बाहेर बघत होते. जेवताना ह्यांनी विचारलंच, "काय निघालं?" मी मान खाली घालून भात कालवत राहिले. आता सगळे माझ्यावर हसणार होते. विहीणबाई म्हणाल्या, "काही नाही, पंख्यात धूळ होती." एवढंच. मला सांभाळून घेतलं त्यांनी. त्याचाच जास्त राग आला.

तीन वाजता हे झोपले होते. आपण नक्की किती घाण घरात घेतली ते बघावं म्हणून मी हॉलमध्ये गेले आणि नॅपकिन उचलला. स्क्रीनवर होतं, 'तपासणी पूर्ण. लागलेला वेळ: सत्तावीस मिनिटे.' मी दोनदा वाचलं. म्हणजे बारा वाजायच्या आत सगळं आटोपलं होतं. मग दर खेपेचे सहा तास कसले? मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. सापडली एकदाची. चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारायचं, असं मनाशी वाक्य जुळवतच मी स्वयंपाकघरात गेले.

सूनबाई खाली फरशीवर बसली होती. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, कुठलीशी मीटिंग चालू. मागे स्टुलावर विहीणबाई. लेकीच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत होत्या. दोघी एक अक्षर बोलत नव्हत्या. मला बघितल्याबरोबर विहीणबाईंनी हात काढून घेतला आणि उठूनच उभ्या राहिल्या. "झालंच, ताई," म्हणाल्या, "थोडा स्कॅन राहिलाय. तो झाला की निघते."

त्या उठल्या कशा, ते बघून मला आठवलं. लग्नाला महिना झाला होता, तेव्हा एका दुपारी त्या न कळवता आल्या होत्या. हातात अळूवड्यांचा डबा. मी दार उघडलं आणि म्हटलं, "या. काय काम काढलंत?" आमच्याकडे असंच विचारतात, त्यात माझं वाईट काही नव्हतं. म्हणजे नव्हतं, असं मी इतके दिवस धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "काही नाही, सहजच," आणि लेक ऑफिसातून यायच्या आत, पाणीसुद्धा न पिता दहा मिनिटांत गेल्या. शिष्ट आहेत, असं मी रात्री ह्यांना सांगितलं होतं. त्यानंतर त्या आल्या त्या स्क्रूड्रायव्हर घेऊनच. काम काढून.

"बसा हो," मी म्हटलं. "आत्ताच बघून आले. बराच राहिलाय अजून. सहा तरी वाजतील." हॉलमध्ये जाऊन मी नॅपकिन पुन्हा मॉनिटरवर टाकला, चारी कोपरे नीट ओढून. त्या संध्याकाळी विहीणबाई तो न्यायच्या विसरल्या. नाहीतर ठेवून गेल्या असतील, मी विचारलं नाही.

आता आमचा कॉम्प्युटर हरणासारखा पळतो. दोन आठवड्यांनी एका मंगळवारी मी मनाचा हिय्या करून फोन केला. म्हटलं, "विहीणबाई, उद्या या. काम काही नाही, सहजच." त्या म्हणाल्या, "बघते, ताई. जमलं तर." बुधवारी मी अळू आणून ठेवलं होतं. त्या आल्या नाहीत. सूनबाई एकटी जेवली, 'हो आई', 'नको आई' करत.

काल पुन्हा मंगळवार होता. मी फोन लावला आणि सांगितलं, "अहो, फारच स्लो झालाय बघा. उघडतच नाही मेला."

"काही दाबलंत का?" त्यांनी मऊ आवाजात विचारलं.

"दाबलं असेल," मी म्हटलं.

"मग पूर्ण स्कॅन लावावा लागेल. दिवस जाईल. येते उद्या."

ह्यांनी शर्ट इस्त्रीला काढलाय, त्याचा राग मला अजून येतोच. पण इस्त्री तापलेलीच होती, म्हणून नॅपकिनही करून घेतला.