सकुबाईची चुरी

टोकावड्याच्या अलीकडच्या पाड्यावर कोळसा म्हटलं की सकुबाईचंच नाव निघायचं. लाकडं रचायची, वर पाला-माती लिंपायची, भट्टी आतल्या आत धुमसत ठेवायची आणि धुराचा रंग बघून ती बंद करायची, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ढाबेवाले तिच्या कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघत, ते खणखणीत वाजत. बाईचा तोराही तसाच. पोत्यात एक फुटका तुकडा गेलेला तिला खपत नसे. चाळून उरलेली चुरी ती परसात ओतून द्यायची.

असं सगळं बरं चाललेलं असताना तिच्या डोळ्यांत सलायची ती धाकटी जाऊ, मैना. मैना हसली तरी सकुबाईला झोंबायचं आणि गप्प बसली तरी झोंबायचं. मैनाची भाकरी टम्म फुगायची. मैनाचा नवरा मुरबाडच्या बाजारातून बायकोला गजरा आणायचा. सकुबाईच्या नवऱ्यानं, धाकलूनं, तिला आजवर आणला तो सर्दीचा बाम. बाईनं सोसावं तरी किती?

तेवढ्यात दीपेशचं प्रकरण निघालं. रस्त्याकडेला त्याची कापड रंगवायची शेड होती. रंगाचं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, असं गावानं त्याला बजावलं होतं. कोळशाच्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं असतात, रंग त्यांत शिरून अडकतो, हे त्याला कुठूनसं कळलं. जिच्या कोळशानं भरलेल्या पिंपातून पाणी स्वच्छ येईल तिला वर्षभर कोळसा पुरवायचं काम, असं तो पाड्यावर येऊन सांगून गेला. सकुबाईनं ते काम मनातल्या मनात आपलं धरलंच होतं. आणि मैना म्हणाली, "मीपन बघते."

भट्टी नाही, लाकूड नाही, आणि म्हणे मीपन! दुसऱ्या दिवशी ती दारात आली. "जाऊबाय, परसातली चुरी नेऊ काय?"

"ने गो. तुला तीच शोभते."

मैनानं ती टोपलीत घालून ओढ्यावर नेली आणि राख जाईपर्यंत खळखळून धुतली. कोळशाला पाणी लागलं की माल गेला, हे पोरासोरांनाही ठाऊक. त्या दिवशी हापशीवर सकुबाईनं सगळ्या बायकांना मैनाची नक्कल करून दाखवली. तिला फार दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

शेडवर दोन पिंपं मांडली होती. सकुबाईनं आपल्या पिंपात निवडक, वाजणारे, मुठीएवढे तुकडे रचले. दीपेशनं वरून लाल पाणी ओतलं. ते तुकड्यांच्या फटींतून धो धो खाली आलं, जसं गेलं तसंच लाल, वर राखेनं गढूळ. मैनाच्या पिंपातून पाणी थेंबथेंब पडत राहिलं. दीपेशनं ते ग्लासात धरून उन्हात पाहिलं. पलीकडची त्याची बोटं दिसत होती.

"बारीक घातलास म्हनून जमलं," तो म्हणाला. "जेवढी बारीक चुरी, तेवढी जास्त भोकं रंगाला सापडतात. कोळसा कुठला?"

"जाऊबायच्या भट्टीचा," मैना म्हणाली. "मी नुसता धुतला. तुमी काम दोघींना द्या."

सकुबाईच्या अंगाची लाही लाही झाली. ही मिरवली असती तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. पण ही वाटा देत होती, देवळातला प्रसाद वाटावा तसा, आणि तोही चार माणसांदेखत. हिच्या उपकाराचा घास घशाखाली उतरायचा कसा?

"माझ्या भट्टीत चुरी पडतच नाय," सकुबाई म्हणाली. "इचारा कोनालापन."

विचारायची गरजच नव्हती. तिच्या कोळशाची ख्याती सगळ्या रस्त्याला माहीत होती. मैनानं थोरल्या जावेला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं? काम एकट्या मैनाला मिळालं.

सकुबाई ताठ मानेनं घरी आली. कुदळ घेतली आणि परसातला चुरीचा ढीग मातीखाली गाडायला लागली.

धाकलू ओट्यावरून उतरला. शेडवरची बातमी त्याच्या कानावर आली होती. "अगो, वर्षानुवर्षांची चुरी हाय ही. आता हिलाच भाव येल. कशाला पुरतेस?"

"माझी नाय ती," ती म्हणाली आणि तिनं आणखी माती ओढली.