पिलवंडांचा मान

कळमनुरीच्या बसस्टँडवरून आम्ही निघालो तेव्हा सामान थोडं आणि सल्ले देणारी माणसंच जास्त होती. नवऱ्याला वाळूजच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि मला संभाजीनगरला वकिलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. पाच वर्षांचा ओमकार खिडकीची जागा धरायला सगळ्यांच्या आधी गाडीत चढून बसला होता. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मुलाची नोकरी मान्य होती. सुनेचं कॉलेज नव्हतं. वसमतहून माझे वडील आले होते. हळदीला माती लावायचे दिवस, तरी काम टाकून आले. बस हलली तसे खिडकीशी येऊन म्हणाले, "शिक. पण अर्ध्यात सोडून येऊ नको, मला लई वंगाळ वाटंल."

आपल्यातल्या कितीजणी अशा गाडीत बसून आल्या आणि कितीजणी निरोप देऊन शेताकडे वळल्या, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. दोघींसाठीही लिहिते आहे. कारण त्यानंतर वर्षभरातच माझ्या घरात एक लेकरू आलं आणि गावभर माझं नाव निघालं.

ओमकारच्या वेळी माझा जीव थोडक्यात वाचला होता. आता पुन्हा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्हाला मात्र दोन लेकरं हवी होती. दत्तकाची कागदपत्रं शहरात यायच्या आधीच केली होती, पुष्कळ वाट पाहिली आणि चार वर्षांची तारा घरी आली. संस्थेत सांभाळणाऱ्या बायांना ती ताई म्हणायची, म्हणून मलाही ताईच म्हणू लागली. ओमकार दिवसभर "आई, आई" करायचा. ते ऐकून ऐकून तिनं एके दिवशी पोळी मागताना सहज आई म्हटलं आणि माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

ती वर्षं आठवली की आज माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटते, आणि मी ती देते. सकाळी कॉलेज, दुपारी लेकरं. नवऱ्याची रात्रपाळी असली की दिवसा त्यांची झोपमोड न करता दोन पोरं खेळवायची. मी धडे मोबाइलवर स्वतःच्या आवाजात भरून ठेवायचे आणि भाकरी थापताना ऐकायचे. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, आत कोणीतरी भांडतंय. कराराच्या कायद्याचा पेपर माझा एकदा राहिला, कारण आदल्या दिवशी दोघांनाही गोवर निघाला होता. पुढच्या खेपेला निघाला, तोही चांगल्या मार्कांनी. तारा तर ऐकून ऐकून अर्धी वकील झाली. ओमकारनं तिच्या वाटचा लाडू उचलला, की कमरेवर हात ठेवून "हरकत आहे" म्हणायची. बोलीही दोघांची मिसळीची: शाळेतलं इंग्रजी, गल्लीतली हिंदी आणि "का"च्या जागी माझ्याकडून उचललेलं "काहून".

हे सगळं जमलं. एक गोष्ट तेवढी जमत नव्हती. गावाकडे तारा पाहुणीच होती.

आत्याबाई तिला दुष्टपणे वागवत नव्हत्या. खाऊपिऊ घालायच्या, फ्रॉक घ्यायच्या. पण कोणी विचारलं की सांगायच्या, "सूनबाईनं आणलेली पोरगी हाय." ओमकार नातू होता आणि तारा आणलेली पोरगी. ते शब्द मला काट्यासारखे टोचायचे, आणि मोठी होत चाललेल्या तारालाही आता ते कळू लागले होते.

आमच्या गावच्या घरी गौरीच्या सणाला महालक्ष्म्या बसतात. दोन लक्ष्म्या आणि त्यांच्यापुढे त्यांची दोन लेकरं, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांना आम्ही पिलवंडं म्हणतो. आवाहनाच्या दिवशी सुना लक्ष्म्यांचे मुखवटे तुळशीपासून आत आणतात आणि पिलवंडं आणायचा मान घरच्या लेकरांचा. एक ओमकारकडे असायचं, दुसरं जाऊबाईंच्या मुलीकडे. तारानं पहिल्याच वर्षी हात पुढे केला होता. "तो मान घरच्यांचा असतो, बाई," असं म्हणून आत्याबाईंनी तिच्या हातात बत्तासा ठेवला होता. पुढच्या वर्षी तिनं हात पुढे केलाच नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा जाऊबाईंची मुलगी शिकायला नांदेडच्या हॉस्टेलवर गेली. तुळशीपाशी मुलीचं पिलवंड घ्यायला कोणी नव्हतं. आत्याबाई मला म्हणाल्या, मुखवट्याबरोबर तेही तूच घे. एरवी मी सणासुदीला शब्द वाढवत नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, "तारा घेईल. न्हाई तर ते हितंच राहू द्या."

आत्याबाईंनी माझ्याकडे एकवार बघितलं आणि त्या घरात निघून गेल्या. आता सण मोडला, असंच मला वाटलं. तरी मी पिलवंड ताराच्या हातात दिलं. तिनं ते छातीशी धरलं, आणि रांगोळीच्या पावलांवरून आम्ही निघालो. मागं शेजारच्या बाया ताट वाजवत होत्या.

आत आणताना घरातल्या मोठ्या बाईनं उंबरठ्याच्या आतून विचारायचं असतं आणि बाहेरच्यांनी ठरलेलं उत्तर द्यायचं असतं: लक्ष्मी आली, सोन्याच्या पावलानं आली. आमच्यातल्या पाळण्यातल्या पोरालाही ते पाठ असतं. ताराला ते शिकवायचं मात्र आमच्या कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, कारण आजवर तिच्यावर ती वेळच आली नव्हती.

लेकरं पुढे होती. दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोण आलं?"

आम्ही तोंड उघडायच्या आत तारा म्हणाली, "मी आले, आजी. तारा."

ताट वाजायचं थांबलं. ओमकारनं तिला कोपरानं ढोसलं. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायची माझी हिंमत होईना. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, नेहमीच्याच सुरात. "कशाच्या पावलानं आली?"

तारानं खाली आपल्या पायांकडे बघितलं. "धुतलेत मी," ती म्हणाली.

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला अजून सांगता येणार नाही. "मंग दारात काहून उभी राहिलीस?" त्या म्हणाल्या. "ये की घरात." तिच्या पायांवर हळदकुंकू वाहून, तिचा हात धरून त्यांनीच तिला लक्ष्म्यांच्या जागेपर्यंत नेलं.

त्या संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायांना त्या सांगत होत्या, "ही माझी नात." दुसरं काही जोडलं नाही.

आता मी काळा कोट घालते, कोर्टात उभी राहते, आणि वडील वसमतच्या बाजारात भेटेल त्याला पोरगी वकील झाल्याचं सांगतात. यंदा सणाच्या दिवसांत माझं एक काम कोर्टात लागलं होतं. यायला जमणार नाही, हे सांगायला मी भीत भीत आत्याबाईंना फोन केला.

"तू न्हाई आलीस तरी चालंल," त्या म्हणाल्या. "तारीला मातर बापासंगं धाडून दे. तिच्याबिगर पिलवंडं आत कोण आणंल?"

रोज वाद घालून पोट भरणारी मी, हा खटला मात्र आनंदानं हरले. माझं घर कोणतं, याचा आता मी फार विचार करत नाही. जिथं माझ्यावाचून सण होतो आणि माझ्या लेकीवाचून अडतो, ते माझं घर.