टोपलीखालचा डाव

दिग्रसवर कधी परचक्र आलेच असते, तर सगळे गाव पडले असते आणि आमच्या घरमालकांचे घर तेवढे शाबूत राहिले असते. काकाजींची सारी हयात बचावात गेली. विहिरीवर दोन दोर असत. एक पाणी काढायला आणि दुसरा, पहिला तुटेल म्हणून. पौषातल्या कोरड्या दिवसांतही छत्री काखेत. यवतमाळची बस दुपारची असली तरी हे सकाळीच स्टँडवर हजर. मी हसलो की म्हणत, "बाबूजी, बस आपल्यासाठी थांबत नाही. आपण बससाठी थांबाचं."

या साऱ्याचा कळस म्हणजे त्यांचे बुद्धिबळ. कचेरी सुटली की मी त्यांच्या ओट्यावर जाई. काकाजी राजाभोवती प्यादी अशी बसवत की वाराही आत शिरू नये. वजीर घराबाहेर पडतच नसे. "कारभारी घरी असला म्हणजे घर शाबूत राह्यते!" आमच्या जुन्या खेळात शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. काकाजींनी ती उडी मारलेली मी कधीच पाहिली नव्हती. "अडीनडीले असू द्या," म्हणत. शेजारचे कापसाचे दलाल पटात डोकावून ओरडत, "काकाजी, डाव खेळून राह्यले का वावराले कुंपण घालून राह्यले?"

"कुंपण नसलं तं ढोरं खातेत!" काकाजी मान वर न करता सांगत.

अंधार पडला की अर्धा डाव तसाच टोपलीखाली झाकायचा आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालवायचा. एकदा माझा राजा उघडा पडला होता. दलालांनाही मात दिसली, पण काकाजींनी शांतपणे आपले एक प्यादे सरकवले. मी विचारले, "मारलं का नाही?"

"घाई कायले?"

हे कोडे मला पुष्कळ दिवस सुटले नाही. मग माझी पांढरकवड्याला बदली झाली. निघायच्या सकाळी वळकटी, ट्रंक, कंदील, सारे ओळीने लावून मी निरोप घ्यायला गेलो. काकाजी टोपली उचलून बसलेच होते. मी समोर बसताच त्यांनी वजीर बाहेर काढला! पाठोपाठ दोन्ही हत्ती, आणि मग राजानेच कुंपणावरून उडी मारली. मी घाबरून खेळत गेलो आणि पाहता पाहता काकाजींवर मात झाली.

"हे काय केलंत, काकाजी?"

ते पटावरचे मोहरे डब्यात भरत होते. "अर्धा डाव ठेवून तुम्ही गेले असते, बाबूजी, तं माह्यानं ते टोपली उचलवली नसती."

बसला अजून बराच वेळ होता. तरी आम्ही लगेच निघालो आणि स्टँडवर जाऊन बसलो. बस हलली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिले. काकाजी डोळ्यांवर हात धरून भर उन्हात उभे होते. छत्री घरीच राहिली होती.