रादिमसरांनी काहीही लपवलं नव्हतं

रादिमसरांची आणि माझी पहिली भेट २००८ च्या हिवाळ्यातली. मी नुकतीच साताऱ्याहून आयर्लंडमधल्या एनिसला आले होते आणि अपघात विभागात नोकरीला लागले होते. एका रविवारी दुपारी दोन दांडगे पुरुष एकमेकांना धरून दारातून आत आले. दोघांची तोंडं सारखीच सुजलेली, त्यामुळे पेशंट कोण आणि सोबतीला कोण, हेच मला कळेना. आमच्या जुन्या आयरिश नर्सबाईंना मात्र सगळी बातमी होती. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हा जो युअर मॅन, हा गडी आहे ना, त्याने काल लढतीत त्या दुसऱ्याला हाणलं, आणि आज तोच त्याला गाडीत घालून घेऊन आलाय. सॉलिड लॅड!" हाणणारे ते रादिमसर. हरलेला माणूस इलेक्ट्रिशियन होता, सकाळपासून ओकत होता, आणि त्याच्या दोस्तांपैकी कुणी फोन उचलत नव्हतं. रादिमसर दोन तास त्याच्यापुढे भांडं धरून बसले. त्यांचा स्वतःचा कान फुगून बंद झाला होता, तो दाखवून घ्या, असं मलाच सांगावं लागलं.

त्यांचं आडनाव आपल्यापैकी कुणालाच धड म्हणता येत नाही, म्हणून लहानथोर सगळे त्यांना रादिमसरच म्हणतो. ते चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हियाचे. लहानपणापासून कुस्ती, पोटासाठी लेथवरचं काम, आणि तिशी ओलांडल्यावर मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा आणि सांधे पिळणं असं सगळं एकत्र असलेली, जाळीच्या पिंजऱ्यात होणारी लढत. शॅननच्या एका कारखान्यात काम मिळालं म्हणून पत्नी यित्का यांना घेऊन ते इकडे आले. यंदा ते चाळीस वर्षांचे होत आहेत. त्यांच्या देशात असा शून्याचा, म्हणजे तीस, चाळीस, पन्नास असा वाढदिवस मोठा मानतात, म्हणून आपल्या पंधरा-वीस मराठी घरांनी ही पुस्तिका काढायचं ठरवलं. पहिला लेख मी लिहावा असं सर्वांचं म्हणणं पडलं, कारण मी त्यांना सर्वांत आधीपासून ओळखते. हे खरं आहे, आणि म्हणूनच मला लिहायला तीन आठवडे लागले.

रादिमसरांच्या नावापुढे एक डाग आहे, तो आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटच्या लढतीआधी त्यांनी आपलं दुखणं वैद्यकीय तपासणीत लपवलं, असं त्यांच्या नोंदीत लिहिलेलं आहे. त्याच नोंदीमुळे मुलांना कुस्ती शिकवायचा रीतसर परवाना त्यांना गेल्या महिन्यात नाकारला गेला. परवाना नसेल तर उन्हाळ्यानंतर हॉल मिळणार नाही, आणि आपल्या मुलांचा शनिवारचा कुस्तीचा वर्ग बंद होईल. माझा हा लेख त्या डागाबद्दल आहे. पण गौरवलेखाची रीत सोडायची नाही, म्हणून आधी त्यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिते.

ती कारकीर्द दिमाखदार नव्हती. रादिमसर जिंकले त्यापेक्षा हरले जास्त. २००९ मध्ये कारखान्याने माणसं कमी केली, त्यात त्यांची नोकरी गेली. मग ते दिवसभर गाड्या धुवायचे आणि आयोजकांच्या फोनची वाट बघायचे. कुठल्या तरी गावच्या लाडक्या पोराला प्रतिस्पर्धी हवा असायचा आणि ठरलेला माणूस ऐन वेळी गळालेला असायचा. अशा वेळी आठवडाभर आधी यांना बोलावणं यायचं. जिथे शनिवारी लग्नाच्या जेवणावळी उठतात, त्याच हॉटेलच्या मोठ्या दालनात पिंजरा उभा करायचे. लोक तिकीट काढून आपल्या गावच्या पोराला जिंकताना बघायला यायचे आणि रादिमसरांनी हरावं, एवढीच त्यांची अपेक्षा असायची. मी आयोजकांची डॉक्टर म्हणून अशा चार-सहा लढतींना बसले आहे. सुट्टीच्या दिवशी घरी बसून कंटाळा यायचा, आणि साताऱ्यात वडिलांबरोबर कुस्त्यांचे फड पाहिले होते, म्हणून हौसेने हो म्हटलं होतं.

त्यांतली एक लढत सांगते. रादिमसरांनी समोरच्याचा हात पकडीत घेतला होता. अशा वेळी समोरच्याने थाप देऊन हार मानायची असते. तो पोरगा घरच्या लोकांसमोर थाप द्यायला तयार नव्हता. पुढच्या क्षणी कोपर निखळणार, हे रादिमसरांना हाताला जाणवलं. त्यांनी पंचांकडे पाहिलं. पंचांचं लक्ष पायांकडे होतं. रादिमसरांनी पकड सोडून दिली. पोरगा उठला आणि त्याने यांना इतकं बडवलं की शेवटी पंचांनी लढत थांबवली. टाके घालताना मी चिडून विचारलं, "सोडलंत कशाला?" ते म्हणाले, "तो सुतार आहे, डॉक्टर. सोमवारी त्याला कामावर जायचंय." मला त्या वेळी हा वेडेपणा वाटला होता.

२०१० च्या जानेवारीतली थंडी आठवते ना? नळ गोठले, रस्त्यांवर काच पसरल्यासारखा बर्फ, आणि आपण सगळे नवखे. तेव्हा रादिमसर पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन आपल्या घराघरांत पायी फिरत होते. माझ्याकडे तेव्हा आई आली होती. तिने त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि पिठलं-भाकरी खायला घातली. "पोरगं राबणारं आहे गं," एवढंच ती म्हणाली. तिला त्यांच्या भाषेचा एक शब्द कळत नव्हता, त्यांना तिच्या. पुढे ती भारतात परत गेल्यावरही फोनवर आधी त्यांची चौकशी करायची आणि मग माझी.

आता सप्टेंबर २०१०.

असंच ऐन वेळचं बोलावणं आलं होतं, आणि वजन बरंच खाली आणायचं होतं. या खेळात लढतीच्या आदल्या दिवशी वजन होतं, त्यामुळे ते उतरवायला खेळाडू पाणी तोडतात, गरम पाण्यात बसून अंगातलं पाणी घामावाटे काढतात. वजनाचा दिवस शुक्रवार होता आणि त्या दिवशी हरतालिका होती. माझा निर्जळी उपवास होता. आदल्या रात्रीपासून तोंडात थेंब नव्हता, त्यातच सकाळची ड्युटी करून मी हॉटेलवर पोहोचले होते. लिहायला लाज वाटते, पण खरं सांगते, मला त्याचा माज होता. आयरिश नर्सा अचंब्याने बघत होत्या आणि मला ते आवडत होतं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास रादिमसर तपासणीसाठी माझ्यासमोर येऊन बसले. ओठ फाटलेले, डोळे खोल गेलेले, चेहरा राखेच्या रंगाचा. मी फॉर्म पुढे ओढला. त्यांनी आपणहून, मी विचारायच्या आधी, त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "डॉक्टर, मंगळवारी सरावात डोक्याला लागलं. तेव्हापासून दुखतंय. आज सकाळी दोनदा उलटी झाली. डाव्या डोळ्याने नीट दिसत नाही. हे चालेल का?"

चालेल का, असं त्यांनी मला विचारलं. लढण्यासाठी धडपडणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही. त्यांना कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं. तेवढ्यासाठीच तर तिथे डॉक्टर बसवलेला असतो.

मी म्हणाले, "रादिम, आज मीसुद्धा पाण्याचा थेंब घेतलेला नाही. बघा, सकाळपासून काम करतेय. माझी आई सत्तरीतही हा उपवास करते. पाणी तुटलं की डोकं दुखतंच, उलटीही होते. आता वजन झालं, भरपूर पाणी प्या, झोपा. उद्या एकदम ग्रँड वाटेल."

ते हसले. "मग तुम्ही आणि तुमची आई माझ्यापेक्षा ताकदवान," असं म्हणाले आणि उठले. उठताना त्यांनी टेबलाची कड धरली. तेही मी पाहिलं. डोकेदुखी, उलटी, दिसण्यात फरक, या तिन्ही प्रश्नांपुढे मी "नाही" वर खूण केली आणि सही केली. डोक्याला मार लागल्यावर तीन दिवसांनी उलटी होणाऱ्या माणसाला तपासल्याशिवाय सोडायचं नाही, हे वैद्यकीच्या तिसऱ्या वर्षातल्या पोरालाही येतं. मला ते येत नव्हतं असं नाही. मी त्यांच्याकडे पेशंट म्हणून बघितलंच नाही, माझ्याशी तुलना करून बघितलं.

दुसऱ्या दिवशी गणपती बसवून मी लढतीला गेले. दुसऱ्या फेरीत रादिमसरांचा डावा हात खाली आला तो वर गेलाच नाही. कुणीही मारलेलं नसताना ते पिंजऱ्याच्या मधोमध खाली बसले आणि मग आडवे झाले. प्रेक्षकांतून "ऊठ रे" म्हणून हसण्याचे आवाज आले. मी आत धावले तेव्हा त्यांच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झाली होती. त्यांना कॉर्कच्या मोठ्या इस्पितळात नेऊन मेंदूत साचलेलं रक्त काढावं लागलं. यित्काबाई अकरा दिवस बाकावर बसून होत्या.

ते वाचले. पण डाव्या मुठीत जोर राहिला नाही. आजही शर्टाची बटणं यित्काबाई लावून देतात. मधूनमधून फिट येते, त्यामुळे गाडी चालवायची नाही, शिडीवर चढायचं नाही, मशिनवर काम करायचं नाही. सदतीस वर्षांच्या माणसाची खेळाची आणि हातातल्या कसबाची, दोन्ही वाटा एका संध्याकाळी बंद झाल्या.

त्या लढतीची चौकशी होणार हे ठरलं तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. खरं काय ते सांगून टाकते, असं म्हणायला गेले होते, असं मी स्वतःला अडीच वर्षं सांगत आलेय. प्रत्यक्षात मी खुर्चीत बसून रडले, एवढंच केलं. तेच म्हणाले, "मी त्यांना सांगणार आहे की डॉक्टरांना मी काही बोललो नव्हतो."

मी म्हणाले, "असं कसं?"

"माझं गेलंच आहे. ते परत येत नाही. तुमची मुलगी लहान आहे, तुमची डॉक्टरची सही गेली की तुम्हीही गेलात. दोघांचं कशाला?"

यावर मी काय म्हणायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी "थँक यू" म्हणाले. यित्काबाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या दिवसापासून त्या माझ्याशी एक शब्दही बोललेल्या नाहीत. आपल्या समारंभांत त्या कोपऱ्यात गप्प बसतात, तेव्हा त्या घुम्या आहेत असं तुम्ही म्हणता. त्या घुम्या नाहीत. मी असते म्हणून त्या गप्प असतात.

चौकशीत तिघे जण समोर होते. त्यांनी रादिमसरांना विचारलं, "त्रास होतोय, हे डॉक्टरांना सांगितलं होतं का?" रादिमसर माझ्याकडे न बघता "नाही" म्हणाले. मी शेजारच्याच खुर्चीत मूग गिळून बसले होते. दहा मिनिटांत सगळं आटोपलं.

पुढच्या वर्षी त्यांनी हॉलमध्ये मुलांचा वर्ग सुरू केला. क्लेअरकॅसलच्या घरून पाऊस असो, वारा असो, ते चालत येतात. एका हाताने धोबीपछाड शिकवता येत नाही, म्हणून ते मुलांना एकमेकांवर करायला लावतात आणि स्वतः गुडघ्यांवर बसून प्रत्येकाच्या डोक्याखाली आपला उजवा पंजा धरतात. आपल्या एकाही मुलाचं डोकं त्या गादीवर आजवर आपटलेलं नाही. माझी ईशा तर शनिवारची वाट बघत असते. "ही इज सो साउंड, आई," म्हणजे किती भला माणूस, असं तिचं चाललेलं असतं.

मागच्या वर्षीची माझ्या घरची बैठक आठवा. मुलांना पाठवायचं की नाही, यावर बोलणं चाललं होतं. आपल्यातले एक गृहस्थ म्हणाले, "माणूस ग्रँड आहे हो, बट ही लायड ऑन अ मेडिकल फॉर्म. उद्या पोराला काही झालं आणि हेही लपवलं तर?" मग कुणीतरी म्हणालं, "जाऊ दे, बिचाऱ्याने खूप भोगलंय, माफ करून टाकू या." सगळ्यांनी माना हलवल्या. मी सगळ्यांना चहा दिला आणि बिस्किटांची ताटली फिरवली. ज्या माणसाने काहीच केलं नव्हतं त्याला आपण माझ्या दिवाणखान्यात बसून उदार मनाने माफ केलं, आणि मी ते होऊ दिलं.

गेल्या महिन्यात परवाना नाकारल्याचं पत्र आलं, ते घेऊन रादिमसर माझ्याकडेच आले. इंग्रजी अवघड होतं म्हणून. मी वाचून दाखवलं. "स्वतःच्या प्रकृतीबाबत सत्य लपवणाऱ्या व्यक्तीवर मुलांची सुरक्षितता सोपवता येत नाही," असं त्यात होतं.  त्यांनी पत्राची घडी एका हाताने, मांडीवर दाबून दाबून घातली आणि म्हणाले, "मुलांबद्दल असं लिहायला नको होतं." अडीच वर्षांत त्यांच्या तोंडून आलेली ही एकच तक्रार, तीही माझ्याबद्दल नाही.

काल मी दोन पत्रं टाकली. एक चौकशी करणाऱ्यांना, दुसरं डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या कौन्सिलला. त्या शुक्रवारी संध्याकाळी रादिमसरांनी काय सांगितलं आणि मी फॉर्मवर काय लिहिलं, ते त्यात शब्दाला शब्द आहे. माझं काय व्हायचं ते होईल. नवऱ्याला सांगितलं आहे, ईशाला आज सांगणार आहे. रादिमसरांची परवानगी घेतलेली नाही, कारण ते नाही म्हणाले असते. संपादक मंडळाला एकच विनंती: हा लेख गौरवाच्या पुस्तिकेत शोभत नाही असं वाटलं तर पूर्ण काढा, पण अर्धा छापू नका. आणि ज्यांनी त्यांना माफ केलं होतं, त्यांनी समारंभाला आल्यावर ती माफी परत घ्यावी.

रादिमसर, चाळिसाव्या वर्षी माणसाला शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य चिंतायची पद्धत आहे. तुमचं निरोगीपण माझ्या तीन खुणांनी गेलं, तेव्हा तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही. तुम्हाला आयुष्य मात्र खूप मोठं मिळो, आणि त्यातला एकही दिवस, माझ्यासाठी, खोटारडा म्हणवून घेण्यात न जावो.